घागर भरतानाचा फोटो

"थांबा साहेब, फ्लॅश पेटला न्हाई," गुरुलिंग म्हणाला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी हातपंपाचा दांडा सोडला. पारूबाईनं भरलेली घागर मागच्या बाईकडं दिली, रिकामी घेतली आणि पुन्हा पंपाच्या तोंडाखाली धरली. पंपाच्या उद्घाटनाला जिल्ह्याहून येणाऱ्या साहेबांची जीपच उशिरा आली होती. मुरुडपलीकडच्या त्या उघड्या माळावर दिवस बुडून अंधारायला लागलं होतं. फ्लॅशवाचून फोटो निघणारच नव्हता.

लातूर जिल्हा झाला, तसं गुरुलिंगनं मुरुडातलं पत्र्याच्या टपरीतलं दुकान मोडलं आणि लातुरात फोटोचा स्टुडिओ थाटला. नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या, रोज कुठंतरी फीत कापायचीच. हे त्याचं पहिलं सरकारी काम. जमलं तर पुढची कामं त्याची. फसलं तर परत मुरुड, आणि सासऱ्यापुढं खाली मान.

"घाई करू नका," साहेब म्हणाले. "पण फोटो पाहिजे. वर दाखवायचाय."

"पाहिजे म्हंजे? पेपरातच देऊ की," सरपंच किशनराव म्हणाले. आत्ताच त्यांचं भाषण झालं होतं. सारा मुलूख करपला असताना आमच्या बोरला पाणी लागलं, उद्यापासून टँकर बंद, आमचं गाव आता कुणापुढं हात पसरणार न्हाई! बाप्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बायांचे हात घागरींत अडकलेले होते.

गुरुलिंगनं फ्लॅशमधले सेल बदलले. डास गुणगुणावा तसा बारीक आवाज आला, लाल दिवा लागला. साहेबांनी दांडा मारला, धार पडली, त्यानं बटण दाबलं. काहीच नाही. ओशाळून त्यानं कॅमेरा खाली घेतला, तोच फ्लॅश आपसूक लखकन पेटला, थेट त्याच्या चपलांवर.

हशा पिकला.

"अरं, चपलंचं लगीन लावायलास का काय?"

"नवरी कोणती हाय, डावी का उजवी?"

किशनराव तेवढे हसले नाहीत. कपाळावरचा घाम त्यांनी उपरण्यानं टिपला. "ए फोटुवाल्या, तुला लातुराहून बोलावलं ते तमाशा करायला का रं? एका डावात आटप. पाणी वाया चाललंय."

वाया थेंबही जात नव्हता. सांडलेलं धरायला बायांनी पंपाच्या बुडाशी परात लावली होती. पण ते बोलणं गुरुलिंगच्या वर्मी लागलं. पारूबाईचं वय त्याच्या आजीएवढं. वाकलेली पाठ, अनवाणी पाय. आणि तो तिला पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आजी, परत एकदा." ती मुकाट्यानं परत एकदा उभी राहत होती. तिच्याकडं बघायचं सोडून तो जमिनीकडं बघू लागला.

आणखी एक डाव फुकट गेला. साहेब जीपला टेकले, त्यांनी सिगारेट पेटवली.

गुरुलिंग पंपाजवळच उकिडवा बसला. फ्लॅशवरचं बटण दाबलं, तर उजेड झाला. म्हणजे दिवा ठीक, सेल ठीक. कॅमेऱ्याचं बटण दाबलं, तर अंधार. दोघांच्या मधे उरली ती वायर. तिची पिन त्यानं बोटानं दाबून धरली तर पेटे, सोडली की मुकी. सकाळी एसटीत त्याच्या पिशवीवर कुणीतरी बैठक मारली होती, तेव्हाच पिन ढिली झाली असणार. निघताना एकदा तपासून बघितली असती तर! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला.

त्यानं पिन दातानं आवळली. साहेबांच्या हारातला दोरा खाली पडला होता, तो तिच्याभोवती करकचून गुंडाळला. मग कुणी पुन्हा हसू नये म्हणून फ्लॅशवर तळहात झाकून हळूच कॅमेऱ्याचं बटण दाबलं. बोटांच्या फटी लालभडक झाल्या. पुन्हा दाबलं, पुन्हा झाल्या.

लोक जीपभोवती गोळा झाले होते. बघितलं ते फक्त पारूबाईनं.

"झालं का रं?" किशनराव लांबूनच ओरडले.

गुरुलिंगच्या छातीवरचा धोंडा उतरला. हाक मारण्याआधी तो म्हातारीकडं वळला. "आजी, जमलं बगा. आता शेवटचा डाव. लई तरास दिला तुमाला, लई लाज वाटायलीय. माफी करा."

पारूबाईनं पदर ओठांवर ओढून घेतला. नजर सरपंचावरच ठेवून ती पुटपुटली, "लेकरा, टँकरचं पाणी सरपंचानं आमच्याच हातानं ह्या कोरड्या बोरात वतून घेतलंय. आता तळाला थोडंच ऱ्हायलंय बघ. तेवढं उपसून होईस्तवर बिघडू दे की तुझा दिवा."