मुंडीचा मान

“हिवतापाची गोळी मेंदूच्या कुठल्या भागात किती मुरते, हे या बोकडाचा मेंदू साऱ्या जगाला सांगणार आहे,” असं पुण्याहून आलेल्या डॉक्टर कर्णिकांनी एकोणसाठ साली मारुंजीच्या चावडीवर जाहीर केलं, तेव्हा बोकड त्यांच्या वहीचं पान चघळत होता.

त्या कडूजहर गोळ्या बोकडाचे मालक हैबतराव यांनी महिनाभर भाकरीत दडवून बोकडाला इमानाने चारल्या. मग डॉक्टरांचा निरोप आला, “शनिवारी येतो. बोकड कापून ठेवा. मटण तुम्हाला, मुंडी माझी.” हे काय सांगायला हवं होतं? पाहुण्याला मुंडीचा मान द्यायचा असतो, एवढी रीत हैबतरावांना ठाऊक होती.

डॉक्टर आले ते ऐन जेवणाच्या वेळी. हैबतरावांच्या बायकोने, रत्नाबाईंनी, आग्रह करकरून वाढलं, आणि डॉक्टरांनी बोटं चाटून खाल्लं.

“वहिनी, भेजा फक्कड झालाय. एखादाच तुकडा तेवढा कडू लागला.” मग पिशवीतून काचेची बरणी काढत ते म्हणाले, “हं हैबतराव, आता आणा ती मुंडी.”

हैबतराव ताटाकडे बघत राहिले.

“वाढली की, साहेब.”

रत्नाबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. डॉक्टरांचं महिनाभराचं शास्त्र आपण कांदा-खोबऱ्यात शिजवलं, या विचाराने हैबतरावांना मान वर करवेना. शेवटी खालमानेनेच त्यांनी ती कुरतडलेली वही पुढे सरकवली.

“साहेब, कडू तुकडा मेंदूच्या कंच्या अंगाचा हुता, तेवढं तरी लिवून घ्या.”