अर्धं वाक्य

"यांचं पुढचं वाक्य ऐकायचंय मला," काकू म्हणाल्या. "तेवढ्यासाठीच आले."

संकलनाच्या खोलीत दोनच खुर्च्या; एकीवर संकलक. दिग्दर्शिकेने आपली त्यांना दिली आणि टेबलाला टेकून उभी राहिली. विज्ञान आणि श्रद्धेवरचा तिचा माहितीपट नुकताच टीव्हीवर लागला होता. त्यात काकूंचे यजमान, पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, म्हणत होते, "प्रार्थनेनं काहीही होत नाही." लगेच पुढच्या दृश्यात हात जोडलेली गर्दी. मुलाखतीनंतर थोड्याच दिवसांत प्राध्यापक गेले. माहितीपट त्यांनी बघितलाच नाही.

"लग्न झाल्यापासून मी रोज प्रार्थनेला बसते. हे कधी एका शब्दानं बोलले नाहीत, आणि जाता जाता जगासमोर असं? वाक्य संपताना यांचा आवाज खाली यायचा. इथे तो वरच राहिलाय."

संकलक उगाच कीबोर्ड पुसू लागला.

"बरोबर ओळखलंत," दिग्दर्शिका म्हणाली. "तिथे आम्ही कापलं."

"मग लावा ना."

"ते चित्रीकरण आता नाही, काकू. पुढच्या कामाला जागा हवी होती. पुसून टाकलं."

वाक्य मात्र तिला तोंडपाठ होतं. ते ठेवलं तर वादातली हवाच निघून जाईल, असं संकलनाच्या वेळी तीच म्हणाली होती.

"ते म्हणाले," तिने घसा साफ केला, "'प्रार्थनेनं काहीही होत नाही, असं मी तरुणपणी ठणकावून सांगायचो. आता बायको आत प्रार्थनेला बसली, की मी बाहेर पेन खाली ठेवतो. ती उठेपर्यंत गप्प बसून राहतो. तिला ठाऊक नाही.'"

काकूंचा चेहरा उजळला. मग त्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, आणि परत दिग्दर्शिकेकडे.

"खरंच असं म्हणाले?"

"शपथ घेऊन सांगते."

"मीही ऐकलंय, काकू," संकलक म्हणाला.

काकूंनी पर्स काखेत धरली. दोघांकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या. रागावल्यासारख्या नाही.

"तुम्ही चांगली माणसं दिसता. मला किती बरं वाटलं असतं हो," त्या म्हणाल्या. "पण वाक्य कापलंत तुम्हीच, आणि आता हे सांगताय तेही तुम्हीच."