पायाळूचा गुण

दोघांच्या खांद्यांवर हात टाकून लालासाहेब लंगडत शालूबाईच्या दारात आले, तेव्हा ती शेणी थापत होती. तिनं हात धुतले, पण घाई केली नाही. उसाच्या सरीत थोरल्या दिरांचा घोटा मुरगळलाय, हे साऱ्या कुंडलला सकाळीच कळलं होतं.

तीन आठवडे पाय टेकायचा नाही, असं पलूसच्या डॉक्टरनं बजावलं होतं. इकडं पोराचं लग्न रविवारवर आलेलं, वऱ्हाड खंडाळ्याला जायचं. शालूबाई पायाळू, जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाचा पाय लागला की मुरगळा जातो, असं सारं गाव मानायचं. अडला हरी, दुसरं काय!

लालासाहेब घोंगड्यावर आडवे झाले. नवरा वारला तेव्हा याच माणसानं तिला पांढऱ्या पायाची म्हणून घराबाहेर काढलं होतं. या लग्नाचं साधं आवतणही तिला नव्हतं. आता तिचाच पाय लावून घ्यायला तो तिच्यासमोर निजला होता. शालूबाईच्या जिवाला फार बरं वाटलं.

तिनं टाच घोट्यावरून हलके फिरवली. सूज टणक होती, खाली काळंनिळं पडलं होतं. डॉक्टर खोटं बोलला नव्हता, हे तिला कळून चुकलं.

"ऐतवारी हुभा ऱ्हाईन का गं?" लालासाहेबांनी विचारलं.

"ऱ्हाल की, भावजी."

ते हसले. ते हसू बघून तिचं डोकं फिरलं. गरज सरो नि वैद्य मरो, ही या घरची रीत तिला पाठ होती.

"पर एकदा लावून भागत न्हाई," ती म्हणाली. "अक्षता पडायच्या आदी पुन्यांदा लावाया लागंल. मांडवात, असंच आडवं पडून."

"मांडवात? व्याह्यांच्या म्होरं?"

"न्हाईतर डाक्टरचं तीन आठवडं हायतच."

लालासाहेबांनी सोबत्यांकडं पाहिलं. दोघंही आढ्याकडं बघत ओठ दाबून उभे होते.

"बरं," ते कसंबसं पुटपुटले. "जीपमधी जागा ठेवतो तुला."

"फुडची ठेवा," शालूबाई म्हणाली, आणि त्या घोट्यावर पहिल्यांदाच सगळा भार टाकून उभी राहिली.