खालच्या मजल्यावर

फर्निचरच्या कारखान्यातला सुतार सुपरवायझर झाला, तेव्हा बायकोला आभाळ ठेंगणं झालं. त्याला वरच्या मजल्यावर काचेची केबिन, फिरती खुर्ची मिळाली. पण खाली रंधा चालू लागला की त्याचे हात शिवशिवायचे. काचेतून सगळं दिसायचं, लाकडाचा वास तेवढा वर पोहोचत नसे. जेवणाच्या सुट्टीत तो खाली जाऊन उगाच एखादी फळी कुरवाळायचा. अखेर तो साहेबांसमोर उभा राहिला. "मला माझं जुनं काम परत द्या." "डोकं ठिकाणावर आहे ना?" साहेब म्हणाले. "पुन्हा वर येता येणार नाही." "नको यायला." दुसऱ्या दिवशी त्याने रंधा हातात घेतला. संध्याकाळी बायकोने धुसफुसतच ताट वाढलं. तेवढ्यात तिला त्याच्या तळहातावरचे फोड दिसले आणि आवाज मऊ झाला. "दुखतंय का हो?" "दुखतंय की," तो खुशीत म्हणाला, "मस्त दुखतंय!"