ठोकलेला नंबर

"इंजिनाचा नंबर बनावट आहे," रवींद्रने भिंग बाजूला ठेवत सांगितलं. "आधीचा घालवून वर परत ठोकलाय."

गॅरेजमध्ये मधोमध स्टँडवर चढवलेलं इंजिन, त्याच्या एका बाजूला शोभनावहिनी आणि दुसऱ्या बाजूला गाडी विकत घ्यायला आलेला निमिष. पलीकडे सत्तर सालची ती लाल गाडी बॉनेट उघडं टाकून रिकाम्या पोटी उभी होती. वहिनींचे यजमान डॉ. गुरुनाथ यांनी हिवाळ्यात दुरुस्तीसाठी इंजिन काढलं, आणि ते परत बसवायच्या आत फेब्रुवारीत तेच गेले. कारखान्यातून गाडीबरोबर निघालेलं इंजिन हेच असेल, तर गाडीला दुप्पट किंमत. तसं नसेल, तर नुसतं जुनं लोखंड आणि हौस. एवढंच ठरवायला निमिषने रवींद्रकाकांना बोलावलं होतं. इंजिनांमध्ये उभी हयात घालवलेला दुसरा माणूस अमेरिकेतल्या या ॲन आर्बर गावाच्या मराठी मंडळात नव्हता.

रवींद्रचं डोकं तापलं होतं. लबाडी त्याला मुळातच खपत नसे. दुकानातली पुरणपोळी घरची म्हणून पॉटलकला, प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, आणणाऱ्यांनाही तो चारचौघांत सुनावायचा. आणि इथे तर पंचवीस वर्षं, प्रत्येक पिकनिकला आणि गणपतीला, हे डॉक्टर बॉनेट उघडून 'मूळ इंजिन आहे' म्हणून मिरवत आले होते. मंडळातल्या पोरांना हात लावू देत नव्हते. आपणही त्या गर्दीत उभे राहून माना डोलावल्या, याचा त्याला आता जास्त संताप येत होता.

त्याने निमिषला जवळ बोलावून दाखवलं. कारखान्यात नंबराच्या जागेवर बारीक सरळ रेघा उमटलेल्या असतात. इथे त्या नव्हत्या, म्हणजे पृष्ठभाग मशीनवर घासला होता. कारखान्याचे आकडे एका ओळीत बसतात. हे एकेक करून हाताने ठोकलेले होते, त्यातला तीन तर चक्क कलला होता. कुठलं तरी दुसरं इंजिन आणायचं, त्याचा नंबर उडवायचा आणि गाडीशी जुळणारा ठोकायचा, हा जुनाच धंदा होता.

"काका, मी तर मॅचिंग नंबर म्हणूनच डील केलं होतं," निमिष हळूच म्हणाला. "मग कॅन्सल करू का?"

"करच. ज्याने हे ठोकलं तो चोर. आणि ज्याने जन्मभर मिरवलं..." रवींद्रने तिथे जीभ आवरली.

"बोला ना, भाऊजी," शोभनावहिनी म्हणाल्या. "गेलेल्या माणसाला काय भ्यायचं?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण त्यांनी रवींद्रला चांगलंच सुनावलं. या माणसाने चाळीस वर्षांच्या डॉक्टरकीत रजेसाठीसुद्धा कुणाला खोटं सर्टिफिकेट दिलं नाही. सख्ख्या मेहुण्याला दिलं नाही, त्यावरून माहेरचे चार वर्षं बोलत नव्हते. गाडी भंगारात गेली तरी चालेल, पैसे गेले तरी चालतील, पण चोर हा शब्द या गॅरेजबाहेर जाता कामा नये. आणि डॉक्टरांनी ही गाडी घेतली होती ती तरी कशावर? शेजारच्या इप्सिलांटी गावात एका गोऱ्या म्हाताऱ्याकडे त्यांनी ती वाकून पाहिली, तेव्हा इंजिन खालून उघडं होतं आणि त्याच्या पोटात त्यांना श्री दिसला होता. दुसऱ्याच्या इंजिनावर श्री काढणारा माणूस फसवायचा नाही, असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला होता.

रवींद्रला हसावं की चिडावं कळेना. अमेरिकेतल्या इंजिनात श्री! डॉक्टरांना तेलाचा डाग दिसला असणार, आणि त्यावर ही कहाणी रचली असणार. म्हणजे आता खोटेपणात देवालाही ओढलं होतं. हे एकदा वहिनींच्या डोळ्यांसमोरच निकालात काढावं, असं त्याने ठरवलं. इंजिनाचं तळाचं झाकण, ऑइल पॅन, डॉक्टरांनी काढूनच ठेवलं होतं. त्याने स्टँड फिरवून इंजिन उलटं केलं, टॉर्च लावला आणि चिंधीने आतली काळी भिंत पुसली.

काहीच नव्हतं. त्याने अजून थोडं आत पुसलं.

तिथे पंचने, म्हणजे टोकदार लोखंडी खिळ्याने, एकेक ठोका मारून उठवलेले ठिपके होते. ठिपक्यांचा श्री होता. त्याची वेलांटी अर्धीच राहिली होती.

रवींद्र तसाच वाकून राहिला. एकोणीसशे एक्क्याऐंशीचा दसरा. इथे शिकायला आल्यावर फीचे पैसे जमवायला त्याने धरलेलं, जुनी इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मशीन शॉपमधलं काम. झेंडू नाही, कुंकू नाही, मालक जेवायला गेलेला; म्हणून समोरच्या इंजिनावर पंच-हातोडीने केलेली पूजा, आणि वेलांटीपर्यंत येतोय तोच बाहेर वाजलेला मालकाच्या गाडीचा हॉर्न. इंजिनाचा पृष्ठभाग सपाट घासताना जो नंबर जायचा तो आधी कागदावर उतरवून घ्यायचा आणि नंतर जसाच्या तसा परत ठोकायचा, ही त्या मालकाची शिस्त. कागदांशी जुळलं पाहिजे, एवढंच तो सांगायचा.

"इंजिन याच गाडीचं आहे," रवींद्र सरळ होत म्हणाला. "नंबर खरा आहे. घासताना गेला, तोच परत ठोकलाय."

"पण काका, हे प्रूव्ह कसं करणार?" निमिषने विचारलं. "तो ठोकणारा माणूस आता कुठे शोधायचा?"

रवींद्रने चिंधी खाली ठेवली. निमिषकडे न बघता तो शोभनावहिनींकडे वळला.

"वहिनी," तो म्हणाला, "तो चोर मीच."