परगावचा दवाखाना

ताईचा धाकटा भाऊ कितीतरी दिवस स्वतःच्याच गालावर चापट्या मारून घेत होता, पुढ्यातलं ताट ढकलून देत होता. वयानं तिशीचा, पण समज लहान पोराची. नेमकं काय दुखतंय ते त्याला धड सांगता येत नसे. हट्टीपणा चाललाय म्हणून ताईनं काणाडोळा केला. मग एका सकाळी त्याचा गाल टम्म सुजलेला दिसला. त्याला गाडीत घालून ती थेट परगावी, दातांच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथे या दोघांना ओळखणारं कुणी नव्हतं.

तिथल्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी त्याला गोडीगुलाबीनं खुर्चीत बसवलं. त्यानं लगेच मोठा आ केला. आत एकही दाढ धड नव्हती, आणि खालच्या एका दाढेशी पू साचला होता.

"केवढं सोसलंस रे बाळा," त्या पुटपुटल्या आणि ताईकडे वळल्या. "घरात कुणी याच्या तोंडात एकदाही डोकावलं नाही का?"

"तो तोंड उघडूच देत नाही हो," ताई खालमानेनं म्हणाली. "आणि आम्हाला तरी दातांमधलं काय कळतंय?"

भावाला ते काही पटलं नाही. सुजल्या गालानं हसत त्यानं तिच्याकडे बोट दाखवलं.



"माझी ताई दातांची डॉक्टर आहे," तो मोठ्या अभिमानानं बाईंना म्हणाला, "पण तिच्या दवाखान्यात लोक येतात ना, म्हणून मी तिथे जायचं नाही."