पाणी खालीच आहे

वारा उत्तरेचा. दुपारनंतर पडलेला.

चप्पल एकच. दुसरी पाण्यात गेली.

तळाचे गोटे मोजता येतील इतकं निवळ पाणी.

फडक्यात भाकरी, वर मिरचीचा ठेचा.

काठावर एक बगळा. तोही जागा बदलतोय.

किरण उकिडवा बसून हे सगळं पुन्हा पुन्हा नजरेखालून घालत होता. दिवस कलला की भडगावहून नानांचा फोन यायचा. तो होऊन जाईपर्यंत त्याला एका जागी बसवत नसे.

नाना म्हणजे त्याचे वडील, अभिमन. उभा जन्म गिरणेत जाळं टाकण्यात गेलेला माणूस. नारळी पौर्णिमेला किरण घरातून निघाला तो त्यांच्याशी भांडूनच. कोकणात जातो, बोटीवर खलाशी होतो, म्हणाला.

"डबक्यात मासे धरता तुम्ही. समुद्र पाहिलाय का कधी?"

नाना जाळ्याची फाटलेली बाजू सांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. "टिकशी का तठे?" एवढंच विचारलं.

"नाही टिकलो तर तोंड दाखवणार नाही."

बोलून बसला होता. आता त्या एका वाक्यावर सगळं अडकलं होतं.

फोन वाजला.

"कसं शे पानी आज?"

"निवळलंय नाना. पाऊस थांबल्यापासून नुसती काच."

"भाषा ते कोकनी व्हई गयी तुनी." नाना हसले. "वारा?"

"उत्तरेचा. दुपारनंतर पडला."

"मासा?"

"बांगडा आहे. उन्हं पडायच्या आत काठाला येतो, मग डोहात जातो."

"हं. पानी चढेल शे का उतरेल?"

"उतरलंय. परवाच उतरलं, तेव्हापासून खालीच आहे."

पलीकडे घरात कोजागिरीच्या दुधासाठी पातेली निघत होती, त्यांचा आवाज आला. नानांचा आला नाही. किरण उठून उभा राहिला.

"खालेच शे?"

"खालीच. चालत पलीकडे जाता येईल इतकं."

"कपडा सुकतस का?"

"तासाभरात. कडक होतात."

"अंग चिकट व्हस का?"

"छे. इथे संध्याकाळपासूनच गार असतं."

किरण बसला, उठला, पायातली एकटी चप्पल काढून हातात घेतली. नाना खाकरले.

"मग बरं शे. चांगला शे तुना समुद्र." जरा थांबून म्हणाले, "घर शे आपलं. कव्हय बी ये."

फोन बंद झाला.

"बसला का विश्वास?" मागून मगनने विचारलं.

मगन किरणचा शाळेतला मित्र. धरणगावकडे त्याचं शेत होतं, गिरणेच्या अगदी काठाला. पोळ्यापासून किरण त्याच्या मोटारीच्या खोलीत राहत होता. बोटीवर त्याच्या पोटात पाण्याचा घोट ठरेना, तेव्हा तांडेलाने पहिल्याच आठवड्यात त्याला बंदरावर उतरवून दिलं. उतरताना चप्पल समुद्रात पडली. ती काढायला कोणी थांबलं नाही. घरी जायचं तर तोंड दाखवावं लागणार होतं. मग रोज संध्याकाळी तो गिरणेकडे बघायचा आणि जे दिसेल ते समुद्र म्हणून सांगायचा. डोळ्यांसमोर काही असलं की खोटं अडखळत नाही.

"बसला," किरण म्हणाला. "नदीचा माणूस. त्याला काय कळतंय समुद्रातलं?"

"तू भलता हुशार."

"भाकरी दे."

चंद्र वर आला तशी नदी पांढरी पडली. पाणी होतं तिथेच होतं. किरणने दोन घास खाल्ले आणि पुन्हा काठाने येरझाऱ्या घालायला लागला, एका पायात चप्पल, एक पाय उघडा.

स्वतःच्या लग्नाच्या आदल्या साली नाना त्याच बंदरावर खलाशी म्हणून गेले होते. आठवड्यात ओकत परत आले आणि दिवाळीपर्यंत मामाच्या मळ्यात लपून राहिले.